कारखाना परदेशात का जातो? बुटीबोरीच्या बाजूने मांडलेला हिशेब

बुटीबोरी नाहीतर हिंगणा औद्योगिक वसाहतीतली एखादी कंपनी परदेशात कारखाना टाकतेय अशी बातमी आली की नागपुरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "तिकडे मजूर स्वस्त असतील," हे एक. "इथे परवानग्यांचा त्रास, म्हणून चालले," हे दुसरं. दोन्हींत थोडं थोडं खरं आहे. पण कॉस्टिंग शीट समोर घेऊन बसलं की लक्षात येतं, मजुरी हा त्या कागदावरचा बहुतेक वेळा तिसरा-चौथा आकडा असतो. वरचे आकडे वेगळेच असतात, आणि ते प्रत्येक मालागणिक बदलतात.

आपल्या अगदी जवळचं उदाहरण बाजारगावचं. अमरावती रोडवरच्या या गावाजवळ सोलर इंडस्ट्रीजचा स्फोटकांचा मोठा कारखाना आहे. १९९५ साली सुरू झालेल्या या नागपूरच्या कंपनीचे आज झांबिया, नायजेरिया, घाना, दक्षिण आफ्रिका, तुर्कस्तान अशा देशांत उत्पादन प्रकल्प आहेत. तिथे स्वस्त मजूर शोधायला कोणी गेलं नव्हतं. खाणीत लागणाऱ्या स्फोटकांना लांबचा प्रवासच परवडत नाही, हे त्यामागचं खरं कारण. बऱ्याच शिपिंग लाइन असा माल घेतच नाहीत, ज्या घेतात त्या जबर भाडं लावतात. मधल्या प्रत्येक बंदराची वेगळी परवानगी लागते आणि धक्क्यावर माल जास्त वेळ ठेवू देत नाहीत. झांबियाला तर समुद्रच नाही. बंदरावर उतरवल्यावर पुढे दुसऱ्या देशांतून ट्रकने न्यायचं. तांब्याची खाण मात्र ठरल्या वेळी ब्लास्टिंग करते. माल दोन आठवडे उशिरा आला तर खाणमालक पुढच्या वेळी तुम्हाला विचारणारही नाही.

त्यात मोठ्या खाणींमध्ये आता कांड्यांऐवजी बल्क इमल्शन चालतं. ते टँकरमधून खाणीत येतं आणि भोकात सोडताना शेवटच्या टप्प्यात स्फोटक बनतं. असा माल ट्रकच्या पल्ल्यातच तयार व्हावा लागतो. म्हणून अशा बाबतीत "कारखाना परदेशात गेला" हे म्हणणंच मला पटत नाही. झांबियातल्या खाणीत पडणारं इमल्शन बाजारगावहून कधी जाणारच नव्हतं. त्या कारखान्यामुळे इथला एकही कामगार घरी बसत नाही.

विजेचं गणित याच्या उलट आहे. तिथे कामगार खरोखर घरी बसतो, आणि विदर्भाला ते सर्वांत जास्त झोंबायला हवं. मँगनीजचा दगड आपल्या दारात आहे. मँगनीज काढणाऱ्या सरकारी मॉईल कंपनीचं मुख्यालय नागपुरात, खाणी नागपूर, भंडारा आणि शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात. पण दगड जवळ म्हणून भट्टी जवळ राहील असं नाही. पोलाद बनवताना लागणारा एक टन सिलिको-मँगनीज मिश्रधातू काढायला साधारण ४,००० युनिट वीज लागते. फेरो-सिलिकॉनला त्याच्या दुपटीहून जास्त, म्हणजे ८,५०० ते ९,०००. युनिटमागे एका रुपयाचा फरक पडला तर सिलिको-मँगनीजच्या टनामागे ४,००० रुपये गेले. दोन-अडीच टन दगड ट्रकने लांब वाहून न्यायचा खर्च त्यापेक्षा कमी पडत असेल, तर भट्टी विजेच्या मागे जाते. भूतानमध्ये पासाखाच्या भागात फेरो-सिलिकॉनच्या भट्ट्या उभ्या राहिल्या त्या तिथल्या जलविद्युतेमुळे. मलेशियात सारवाकच्या समालाजूला मँगनीज मिश्रधातूंचे प्रकल्प गेले तेही त्याच कारणाने. आपल्याकडचे काही रायपूरकडे सरकले. सीमा राज्याची, कारण तेच. लोखंड वितळवणाऱ्या इंडक्शन फर्नेसला टनामागे सहाशेच्या आसपास युनिट लागतात. तिथे एका रुपयाने ६०० रुपयेच जातात, म्हणून रोलिंग मिलवाला जरा जास्त तग धरतो.

दर जितका महत्त्वाचा, तितकाच विजेचा अखंडपणा. फेरो अलॉयची, म्हणजे अशा मिश्रधातूंची, भट्टी चोवीस तास चालते. पुरवठा काही तास बंद पडला की आतला माल थिजायला लागतो, आणि पुन्हा लोड देताना इलेक्ट्रोड मोडायची भीती असते. इलेक्ट्रोड मोडला की ते दोन-तीन दिवस गेलेच, वर वीज वापरली नाही तरी लागणारी डिमांड चार्जेसची रक्कम भरावी लागते ती वेगळी. विदर्भ-मराठवाड्याच्या उद्योगांसाठी २०१६ मध्ये वीजसवलत जाहीर झाली, ती गरजेचीच होती. पण भट्टी टाकणारा पंधरा-वीस वर्षांचा दर पाहतो. दर वर्षी बदलू शकणाऱ्या सवलतीवर तो एवढी मोठी रक्कम गुंतवत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

कारखाना कुठे टाकायचा हा प्रश्न नागपूरला नवा नाही. एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. तेव्हा गिरणी म्हणजे मुंबई असं समीकरण होतं. जमशेदजी टाटांनी मुंबई सोडून नागपूर निवडलं, कारण वऱ्हाडचा कापूस इथे, वरोऱ्याचा कोळसा जवळ, आणि १८६७ पासून रेल्वे आलेली. तेव्हा कच्चा माल जड आणि बाजार देशातला होता, म्हणून नागपूर जिंकलं. आज शर्ट युरोपात विकायचा असतो, तेव्हा हेच गणित आपल्या विरोधात जातं. ते आकड्यांत पाहू.

खालचे भाव उदाहरणासाठी धरलेले आहेत. आपापल्या शीटमधले आकडे घालून पाहावेत. साधा फुल शर्ट शिवायला समजा २२ सॅम, म्हणजे २२ प्रमाणित मिनिटं लागतात. शिलाई कामगाराचा पीएफ-ईएसआय धरून महिन्याचा खर्च १५,००० रुपये. २६ दिवस, रोज ४८० मिनिटं, म्हणजे महिन्याला १२,४८० मिनिटं. एका मिनिटाला १ रुपया २० पैसे पडले. लाइनची एफिशियन्सी ४५ टक्के असेल तर २२ मिनिटांच्या कामाला प्रत्यक्षात जवळपास ४९ मिनिटं जातात. शर्टामागे शिलाई मजुरी झाली ५९ रुपये. आता समजा दुसरीकडे हाच कामगार १२,००० ला मिळतो, पण लाइन नवी आहे आणि एफिशियन्सी ३५ टक्केच येते. मिनिटाला ९६ पैसे, मिनिटं ६३. मजुरी ६० रुपये! पगार २० टक्के कमी, आणि शर्ट रुपयाने महाग. नवी लाइन ३५ वरून ५०-५५ वर यायला सहा महिने ते दोन वर्षं लागतात. तोपर्यंतची तूट कोण भरणार, हा आकडा प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा नसतोच.

आता तोच शर्ट युरोपात उतरवू. विमा-भाडं धरून किंमत ८ डॉलर, डॉलर ८५ रुपये. भारतीय तयार कपड्यांना २०२५ पर्यंत युरोपात ९.६ टक्के ड्यूटी लागत होती, म्हणजे ६५ रुपये. बांगलादेशला अतिअविकसित देश म्हणून २००१ पासून शून्य. म्हणजे शिवणाऱ्या माणसाची सगळी मजुरी माफ झाली असती, तरी आपला शर्ट ढाक्याच्या शर्टापुढे महागच राहिला असता. कपड्यांचा कारखाना बांगलादेशात का जातो याचं निम्म्याहून अधिक उत्तर या ६५ रुपयांत आहे. स्वस्त मजुरी हे त्याच्या खालचं उत्तर.

यात ओरिजिनचा, म्हणजे माल कोणत्या देशाचा धरायचा याचा, नियम फार बारकाईने वाचावा लागतो. २०११ पासून अतिअविकसित देशांना युरोपने सूट दिली की कापड बाहेरचं चालेल, शिवण तेवढी त्यांच्या देशात झाली पाहिजे. म्हणून विदर्भाच्या कापसाचं सूत किंवा कापड सीमापार जाऊन, तिथे शिवून, शून्य ड्यूटीने युरोपात पोचू शकतं. व्हिएतनामचा युरोपशी करार १ ऑगस्ट २०२० ला लागू झाला, पण तिथली अट कडक आहे: कापडही तिथेच विणलेलं किंवा करारात मान्य असलेल्या देशाचं हवं. भारतातून कापड नेऊन व्हिएतनाममध्ये शिवलं तर ती सवलत मिळत नाही. असे दोन देश एका तराजूत तोलून शेड बांधणाऱ्याला फटका बसतो, आणि तो पहिला कंटेनर कस्टमला लागल्यावर कळतो.

शिवाय दिलेली सवलत काढूनही घेतली जाते. इथिओपियाचं हवासा इंडस्ट्रियल पार्क २०१६ मध्ये सुरू झालं. पगार जगातल्या सर्वांत कमी पगारांत मोडणारे, अमेरिकेत आफ्रिकी देशांसाठीच्या अगोआ कायद्याखाली ड्यूटी शून्य. मोठे ब्रँड गेले. यवतमाळला डेनिम बनवणाऱ्या आणि छिंदवाड्यात कापड विणणाऱ्या रेमंड समूहानेही तिथे सूट शिवायचा कारखाना टाकला. अडचणी पहिल्यापासून होत्या: कापड सगळं बाहेरून, देशाला समुद्र नाही, सगळी ये-जा जिबूतीमार्गे, आणि कामगार शिकेपर्यंत सोडून जायचे. त्यात यादवी सुरू झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून अमेरिकेने इथिओपियाची अगोआ सवलत काढली. ज्या एका आकड्यावर सगळ्यांनी शेड घेतले होते, तो आकडा एका आदेशाने गेला. त्याआधीच, नोव्हेंबर २०२१ मध्ये, तिथली सर्वांत मोठी पाहुणी कंपनी पीव्हीएच निघून गेली होती.

हेच आपल्यावर २०२५ मध्ये उलट्या बाजूने आलं. २७ ऑगस्टपासून अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं, तेव्हा महिन्याभरात कपड्यांच्या निर्यातदारांना बायर विचारू लागले, तुमचा दुसऱ्या देशात कारखाना आहे का? बायरचा हा प्रश्न फार मोठं बळ आहे. बरेच छोटे कारखाने स्वतःच्या हिशेबाने बाहेर जात नाहीत. मोठं गिऱ्हाईक म्हणतं "तुम्ही आलात तर ऑर्डर, नाहीतर नवा सप्लायर", आणि ते मागोमाग जातात. अशा वेळी किमान खरेदीची लेखी हमी, निदान तीन वर्षांची, घेतल्याशिवाय एक मशीनही हलवू नये. तोंडी शब्दावर गेलेल्यांची दुसऱ्या वर्षी दैना होते.

भाड्याचं गणित मालागणिक कसं फिरतं ते नागपूरकराने खास समजून घ्यावं. झिरो माईलचा दगड देशाच्या मध्यावर आहे, याचा निर्यातीपुरता अर्थ इतकाच की दोन्ही समुद्र लांब. समजा नागपूरहून न्हावा शेव्यापर्यंत कंटेनरमागे ६०,००० रुपये लागतात. चाळीस फुटी कंटेनरात २४,००० शर्ट बसले तर शर्टाला अडीच रुपये पडले. ६८० रुपयांच्या मालावर ते जाणवतही नाहीत. वीस फुटी कंटेनरात २५ टन गॅल्व्हनाइज्ड अँगल भरले तर किलोला २ रुपये ४० पैसे, आणि तिथे किलोचा भावच शंभराच्या आत-बाहेर. अडीच टक्के घरातून निघतानाच गेले, आणि स्टीलच्या धंद्यात अडीच टक्के म्हणजे पुष्कळदा सगळा नफा. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्याने वेळ नक्की वाचतो. किलोमीटर आणि डिझेल फारसं वाचत नाही.

बुटीबोरीत केईसी इंटरनॅशनलचा ट्रान्समिशन टॉवरचा कारखाना आहे. या कंपनीने २०१० मध्ये एसएई टॉवर्स विकत घेतली आणि मेक्सिकोतलं मॉन्तेरे व ब्राझील इथले कारखाने तिच्याकडे आले. टॉवर हा विचित्र माल आहे: जड, लांब, आणि हजारो तुकड्यांचा. प्रत्येक तुकड्यावर मार्क नंबर ठोकलेला असतो. डोंगरावर टॉवर उभा करताना एक गसेट प्लेट (सांध्यावरची पट्टी) कमी निघाली तर टोळी, क्रेन, सगळं थांबतं. तो तुकडा नागपूरहून पाठवायचा तर दीड-दोन महिने, शेजारच्या कारखान्यातून दोन दिवस. गिऱ्हाईक या दोन दिवसांचे पैसे मोजतं. अमेरिकेचं स्टीलवरचं शुल्क २०१८ मध्ये २५ टक्के होतं, जून २०२५ मध्ये ५० झालं, आणि ते मेक्सिकोलाही लागलं. म्हणजे शुल्क वाचेल म्हणून मेक्सिकोत गेलेल्याचा तो फायदा गेला. जवळ असण्याचा फायदा राहिला. मला वाटतं, फक्त ड्यूटीसाठी गेलेला कारखाना कच्चा, आणि गिऱ्हाईकाजवळ बसायला गेलेला पक्का.

टॉवरच्या कारखान्याचा जीव गॅल्व्हनायझिंगच्या, म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर चढवायच्या, टाकीत असतो. तिथे जस्त ४५० अंशांच्या आसपास पातळ ठेवावं लागतं. ४१९ अंशांखाली ते गोठतं. म्हणजे हातात अंतर तीसेक अंशांचंच. बर्नर बंद पडला, बॅकअप चाललं नाही, तर शेकडो टन जस्त टाकीत दगड होऊन बसतं. ते पुन्हा वितळवताना टाकीच्या भिंती असमान तापतात आणि तडकू शकतात. नव्या देशात जागा बघताना जमिनीचा भाव नंतर विचारावा. आधी गॅसचा दाब, सबस्टेशनचं अंतर आणि मागच्या वर्षीचा वीज जाण्याचा तासातासाचा नोंदवलेला हिशेब मागावा. तो कागद जो देत नाही, त्याची स्वस्त जमीन महाग पडते.

नागपूरला याची दुसरी बाजूही दिसते, कारण परदेशी उत्पादन इथे येतं. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात टाटा समूहातल्या कंपनीने बोईंग ७८७ साठी फ्लोअर बीम बनवले. राफेल बनवणाऱ्या फ्रान्सच्या दसॉची भागीदारी असलेल्या दसॉ रिलायन्सच्या कारखान्याची पायाभरणी ऑक्टोबर २०१७ मध्ये झाली. फाल्कन विमानांचे भाग नागपुरात बनवायचा निर्णय मजुरीवर झाला नाही. २०१६ च्या राफेल करारात निम्म्या रकमेच्या ऑफसेटची, म्हणजे तेवढ्या किमतीचं काम भारताला द्यायची, अट होती, तिथून तो सुरू झाला. सरकार मोठं गिऱ्हाईक असलं की ते कारखाना खेचून आणू शकतं. पण अटीने आलेलं काम अट संपल्यावर टिकतं का, हे हातांवर अवलंबून असतं. जून २०२५ मध्ये दसॉने फाल्कन २००० ची पूर्ण जोडणी नागपुरात करायचं जाहीर केलं, फ्रान्सबाहेर पहिल्यांदाच, आणि पहिलं विमान २०२८ पर्यंत. कॉकपिटचे भाग जोडणाऱ्या आपल्या मुलामुलींनी मधल्या वर्षांत काय कमावलं ते यात दिसतं, आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे.

ज्याला खरोखर बाहेर जायचं आहे त्याने कागदपत्रं सीएवर सोडून मोकळं होऊ नये. ऑगस्ट २०२२ च्या नियमांनुसार नेट वर्थच्या ४०० टक्क्यांपर्यंत परदेशी गुंतवणूक रिझर्व्ह बँकेच्या वेगळ्या परवानगीशिवाय, आपल्या बँकेमार्फत करता येते. ४०० टक्क्यांत भांडवलाबरोबर दिलेलं कर्ज आणि गॅरंटीही मोजली जाते, हे अनेक जण विसरतात. पैसे पाठवण्याआधी त्या गुंतवणुकीचा युनिक नंबर घ्यावा लागतो आणि दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत तिथल्या कंपनीचा कामगिरी अहवाल द्यावा लागतो. तो राहिला की पुढचा हप्ता बँक अडवते, आणि तिकडे मशीन बंदरात डेमरेज (उशिराचा आकार) खात बसतं.

जुनं मशीन उचलून न्यायचं असेल तर पहिल्यांदा ईपीसीजीची, म्हणजे निर्यातीच्या बोलीवर ड्यूटीविना मशीन आणायच्या योजनेची, फाइल उघडावी. ड्यूटी न भरता आणलेल्या मशीनवर वाचलेल्या ड्यूटीच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करायची जबाबदारी असते. ती पुरी व्हायच्या आत मशीन देशाबाहेर नेलं तर ड्यूटी व्याजासकट भरावी लागते. कराचाही एक सापळा आहे. कंपनी तिकडची, पण सगळे निर्णय सीताबर्डीच्या ऑफिसात बसून घेतले, तर ती कंपनी भारतातच रहिवासी धरून तिच्यावर इथे कर लावता येतो. तिथल्या संचालकांना खरे अधिकार आणि बैठका तिथेच, हे पहिल्या दिवसापासून ठेवावं. नफा आणायचा तर चलनाकडेही पाहावं: नायजेरियाने जून २०२३ मध्ये नायरा मोकळा सोडला, इथिओपियाने जुलै २०२४ मध्ये बिर्र. ज्यांची येणी स्थानिक चलनात अडकली होती त्यांचा वर्षाचा नफा त्या आठवड्यात गेला. विक्रीचा करार डॉलरमध्ये आणि स्थानिक चलनाची शिल्लक पगार-विजेपुरतीच, हा त्यावरचा साधा उपाय.

आणि इथली लाइन घाईने मोडू नये. नव्या कारखान्यात पहिल्या वर्षी बिघडतात त्या छोट्या गोष्टी: बेअरिंग मिळत नाही, इन्स्पेक्शनचा गेज कॅलिब्रेट करून देणारं कोणी नाही, इथून गेलेला सुपरवायझर भाषा येत नाही म्हणून मान डोलावतो आणि माल रिजेक्ट होतो. जाताना दीड वर्षाचे स्पेअर बरोबर न्यावेत. नव्या लाइनवरून सलग तीन ऑर्डर वेळेत आणि एकाही क्लेमशिवाय गेल्या, असं लेखी हातात येईपर्यंत बुटीबोरीतल्या मशीनचे फाउंडेशन बोल्ट सैल करू नयेत.